मराठी विकिपीडियावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. मी तिथे आले तेव्हा जुनी मंडळी एकमेकांना लिहिण्याच्या धाटणीवरूनही ओळखत होती. अशा घट्ट गोतावळ्यात नवख्या माणसाला बहुधा दाराशीच उभं राहावं लागतं. मला राहावं लागलं नाही, म्हणून हे आभार.

खातं उघडल्यावर माझ्या चर्चापानावर, म्हणजे सदस्याला निरोप लिहायच्या पानावर, स्वागताचा साचा, म्हणजे ठरावीक तयार मजकूर आला. तो बहुतेक सगळ्यांनाच मिळतो. पण त्याखाली कुणीतरी स्वतः टंकून विचारलं होतं, ‘कोणत्या विषयावर लिहायला आवडेल?’ त्या एका ओळीने मला तिथे ठेवून घेतलं. गावच्या नदीवर लिहीन म्हटलं, तर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, कच्चं लिहून बघा, असं त्यांनीच सुचवलं. लेख चढवला आणि रातोरात कुणी विषयवार वर्ग जोडले, कुणी माहितीचौकट लावली. लेखाच्या इतिहासात फक्त त्यांची टोपणनावं दिसतात. आणखी एकांनी नुसती ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावून न जाता जिल्ह्याचं गॅझेटिअर कुठे वाचायला मिळेल तेही कळवलं. उणीव दाखवणारे पुष्कळ असतात, ती भरायची वाट दाखवणारे फार थोडे.

चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सामायिक चर्चेच्या पानावर, तेच ते प्रश्न विचारले तरी न कंटाळता उत्तरं देणारे, देवनागरी टंकायला शिकवणारे, नवख्याचा बदल उलटवण्याआधी त्याला दोन शब्द लिहिणारे, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ‘अलीकडील बदल’च्या यादीत नवं नाव दिसलं की आता मीही आधी त्यांच्या चर्चापानावर जाते.