‘लाकडी कपाट, १ नग’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणाच्या तोंडावर दुकानांवर ‘लाकडी फर्निचर’च्या पाट्या लागल्यात, म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं रंधा मारला. आता गुडघे साथ देत नाहीत, पण लाकूड कुठलं आणि भुसा कुठला एवढं कळतं.

२०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आईची सागवानी पेटी चिखलात सापडली, झाकण जाम. सावलीत वाळवली (उन्हात टाकली असती तर तडकली असती). महिन्याभरानं झाकण मुकाट उघडलं. साग अंगचा तेलकट, पाणी लवकर पीत नाही. फुगला तरी तंतूंच्या रेषेला आडवा फुगतो आणि वाळला की जागेवर येतो. शेजारी सुनेचं कपाट, जेमतेम वर्षाचं. त्याची खालची कड चहात बुडवलेल्या खारीसारखी झालेली. बोट लावलं तर भुसा हातात आला, बिजागरीचे स्क्रू चिमटीनं निघाले. बिलावर मात्र ‘लाकडी कपाट, १ नग’.

ते पार्टिकल बोर्ड होतं. लाकडाचा चुरा डिंकात कालवून दाबलेला, एकदा फुगला की परत बसत नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड. त्यावर नक्षी सुरेख उठते, पण पाण्यापुढं त्याचीही तीच गत. माल वाईट असं मी म्हणणार नाही. कोरड्या खोलीत, वरच्या मजल्यावर खुशाल वापरा, स्वस्तही पडतो. फक्त त्याला लाकूड म्हणून विकू नका.

प्लायमध्ये तर आणखी गंमत. पातळ पापुद्रे एक उभ्या रेषेचा, एक आडव्या, असे विषम संख्येनं चिकटवतात, म्हणून तो सहसा वाकत नाही. पण पाण्यात टिकायचं की सुटायचं हे आतला डिंक ठरवतो. ‘एमआर’ शिक्क्याचा प्लाय दमटपणापुरता. ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकाचा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. वरून सनमायका चढला की दोघं जुळे भाऊ, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत शिक्का झाकलेला असतो.

पुराच्या गावात तरी बिलावर बोर्डाचा प्रकार आणि ग्रेड लिहिण्याची सक्ती व्हावी. परवा नातवाच्या टेबलासाठी गेलो, तेव्हा दुकानदाराला म्हटलं, “बिलावर पार्टिकल बोर्ड असं लिहा.” तो हसून म्हणाला, “काका, तसं लिहिलं तर घेणार कोण?”

आपला,
एक निवृत्त सुतार, गावभाग, सांगली