मॅडम, चार वाजून दहा मिनिटं झाली

आदरणीय मॅडम,

सोमवारी तिसऱ्या वर्षाचं शेवटचं पुस्तक परत करायला कॉलेजच्या लायब्ररीत आले, तर काउंटरवर दुसऱ्याच बाई बसल्या होत्या. तुमची चौकशी केली. "त्या ३१ मेला निवृत्त झाल्या," त्या म्हणाल्या आणि माझ्या कार्डावर शिक्का मारला. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. पाऊस असा कोसळत होता की रस्त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तीन वर्षांत मी एकदाही तुमचे धड आभार मानले नव्हते. रोजचं माझं एकच वाक्य, "येते हां मॅडम", की छत्री उचलून बसस्टँडकडे धाव. ऑफिसात तुमचा नंबर मागितला, तर देता येत नाही म्हणाले. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर ते तुमच्यापर्यंत पोचेल.

मी २०२३ च्या जूनमध्ये पणजीच्या कॉलेजात आले. चार वर्षांच्या नव्या पदवीची गोव्यातली ती पहिलीच बॅच. मेजर, मायनर, मल्टिडिसिप्लिनरी, व्हॅल्यू ॲडेड असे शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर आले आणि पुसलेही गेले. क्रेडिट म्हणजे काय, हे विचारायचं कुणाला? एका क्रेडिटला पंधरा तासांची लेक्चर्स असतात हे मला तुमच्याकडून कळलं, तेही पहिला सेमिस्टर अर्धा संपल्यावर.

आमच्या गावातली प्राथमिक शाळा मराठी. पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी झाली, पण शिकवणं चालायचं ते मराठी-कोंकणीतूनच. टीचर धडा वाचायच्या, अर्थ आपल्या भाषेत सांगायच्या आणि मग प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायच्या. ती पाठ केली की मार्क मिळत. हायर सेकंडरीतही तेच, फक्त फळ्याऐवजी झेरॉक्स. बारावीला मला ८१ टक्के पडले. सगळ्या वाड्यावर मी हुशार. निरोप समारंभाच्या दिवशी आमच्या एका शिक्षकांनी माइकवरून सांगितलं होतं, "आता सुटलात! कॉलेजात कोण विचारत नाही, मजा करा."

मॅडम, मला त्या वाक्याचा अजून राग येतो. कॉलेजात कोणी विचारत नाही हे खरंच होतं, पण त्यात मजा कसली? बारा वर्षं ज्या पोरांना बोटाला धरून चालवलं, त्यांचं बोट सोडण्याआधी दोन पावलं एकट्यानं टाकून बघायला तरी सांगायचं. दोन वर्षांत एकदा, फक्त एकदा, एखादं जाडं पुस्तक हातात देऊन "यातून उत्तर तुझं तू शोधून आण" असं कोणी म्हटलं असतं तर माझे ते पहिले तीन महिने असे गेले नसते. पोर्शन संपवण्याची घाई सगळ्यांना होती. पोर्शन संपल्यावर या मुलांचं काय होणार, हा प्रश्न कुणाच्याच पोर्शनमध्ये नव्हता.

इतिहासाच्या पहिल्या आयएसएत, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या चाचणीत, मला २० पैकी ५ मिळाले. त्याआधी वर्गात एकदा शंका विचारायला उठले होते. एक पोर्तुगीज शब्द मी वाचला तसा उच्चारला आणि वर्ग हसला. शिकवणारेही हसले. वाईट हेतूनं नसतील हसले, पण मी खाली बसले ती बसलेच. ऑफिसच्या खिडकीवर मायनर विषयाबद्दल विचारलं, तर "पोर्टलवर सगळं आहे, वाचता येत नाही?" असं ऐकावं लागलं. त्या दिवसापासून मी विचारणं बंद केलं. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या तेव्हापासून बाबांच्या खनिजाच्या ट्रकाला काम नव्हतं. सर यादीतली सहा पुस्तकं सांगून मोकळे व्हायचे. ती विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि लायब्ररीत आपल्यासारख्यांनी जायचं की नाही हेही कळत नव्हतं.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी असताना मी ठरवलं की आता परत जायचं नाही. काकांनी वाळपईलाच एखादा कोर्स बघून ठेवला होता. सुट्टी संपल्यावर फक्त लायब्ररीचं कार्ड परत करायला म्हणून मी पणजीला आले. कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मला बोलताच येईना.

"कितें जालें गो, बाय?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, कार्ड परत द्यायचंय. तुम्ही कारण विचारलं नाहीत. त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे, कारण कारण विचारलं असतं तर मी रडले असते आणि रडल्यावर तिथे परत कधीच पाऊल ठेवलं नसतं. तुम्ही विचारलंत, कुठून येतेस? वाळपईच्या पुढून, मी म्हटलं. "मग नाणूस तुला माहीत असणार," असं म्हणत तुम्ही उठलात, आतून एक जाडं इंग्रजी पुस्तक आणलंत आणि माझ्यासमोर उलटं ठेवलंत, मागचं पान वर करून.

पुस्तक मागूनही उघडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात नावांची यादी होती, प्रत्येक नावापुढे पानांचे आकडे. तुम्ही एस अक्षराखाली बोट ठेवलंत. सत्तरी. आमचा तालुका, आमची सत्तरी, इंग्रजीत, छापलेली, पुढे दहा-बारा आकडे. मग एन अक्षराखाली नाणूस. ते पान उघडलं. १८५२ च्या जानेवारीत सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढे तीन वर्षांहून जास्त पोर्तुगीज सरकारला जेरीस आणलं. तो किल्ला म्हणजे आमच्या लेखी झाडीत दडलेले चार पडके दगड. आजोबा राण्यांच्या बंडांच्या गोष्टी सांगायचे, त्या मी गोष्टी म्हणूनच ऐकल्या होत्या. त्या दिवशी डिक्शनरी घेऊन मी चार पानं वाचली. चार पानांना अख्खी दुपार लागली. पण ती मी वाचली, मला कुणी समजावून दिली नाहीत.

कार्ड तुम्ही माझ्याकडेच ठेवलंत. त्यावर आपण पुन्हा कधी बोललोच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

वाळपईहून आमच्या गावाकडे जाणारी शेवटची बस साडेसहाची. ती गाठायची तर पणजीहून पावणेपाचची बस धरायला हवी आणि त्यासाठी चार दहाला कॉलेजातून निघायला हवं. शहरात राहणाऱ्यांना हे सांगून कळत नाही. गावाहून येणाऱ्या पोरांचं अर्धं डोकं म्हणजे बसचं वेळापत्रक असतं. लेक्चर चालू असलं तरी कान घड्याळाकडे, मैत्रिणी कॅन्टीनला बोलावतात तेव्हाही आधी मिनिटं मोजायची. एक बस चुकली की बाबांना रात्री स्कूटर घेऊन रानातल्या रस्त्यानं वाळपईला यावं लागतं. वाचताना दर दोन ओळींनी मान वर जायची, आणि खाली आली की मघाची ओळ पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, किती वाजता निघावं लागतं? एका चिठ्ठीवर ४.१० लिहून ती तुमच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलीत आणि मला म्हणालात, "तूं वाच. घड्याळाकडे मी बघते."

त्या दिवशी चार दहाला तुम्ही येऊन माझ्या टेबलावर दोन बोटं वाजवलीत. टक टक. एवढंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तीन वर्षं तेच. परीक्षेच्या दिवसांत काउंटरवर रांग लागलेली असायची तेव्हाही तुम्ही उठून यायचात. एकदा तुम्ही रजेवर होतात आणि त्या दिवशी मी पुन्हा मान वर करत वाचत होते, तर बरोबर चार दहाला शिपाई दादा आले आणि त्यांनी टेबलावर दोन बोटं वाजवली. तुम्ही त्यांना सांगून गेला होतात. मॅडम, त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून वाळपईपर्यंत रडले.

मला शिष्यवृत्त्या मिळाल्या, पास सवलतीत मिळाला, पुस्तकं फुकट मिळाली. या सगळ्याची किंमत मला कळते. पण मी जी शिकले ती लायब्ररीतल्या रोजच्या त्या दोन तासांत शिकले, ज्यांत वेळ बघायचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं होतं.

बाकीचं तुम्ही असंच, येता-जाता, पुस्तकं लावता लावता सांगितलंत. अभ्यासक्रमाचा कागद आधी वाच, कुठल्या युनिटला किती तास दिलेत त्यावरून काय महत्त्वाचं ते कळतं. वर्गात विचारवत नसेल तर सरांच्या केबिनमध्ये जा. मी गेले. ज्या सरांच्या वर्गात मला हसले होते त्यांनीच तासभर बसवून गावकरी पद्धत, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळायची गोव्यातली जुनी रीत, समजावली, आणि मी निघाले तेव्हा म्हणाले, "आधी का नाही आलीस?" त्यांना ते हसणं आठवतही नव्हतं. टिपणं आधी मराठीत काढ, समजलं की इंग्रजीत लिही, हेही तुमचंच. पहिल्या महिनाभर माझी वही पाहून मैत्रिणींना नवल वाटायचं, नंतर त्यातल्या दोघी तसंच करू लागल्या. पाच मार्कांबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात की वीसातले पाच गेले नाहीत, मिळालेत, आणि अजून ८० ची परीक्षा व्हायची आहे. शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं, तेव्हा तुम्ही मला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवलंत. बसस्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ, १८३२ पासून चालत आलेलं ग्रंथालय, आणि मी पाच महिने त्याच्या समोरून बससाठी धावत होते!

यंदा आमच्या वाड्यावरची तीन मुलं बारावी झाली. ती माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना हेच सगळं सांगते. पण एकाच्या चेहऱ्यावर परवा मला माझा तेव्हाचा चेहरा दिसला. सांगून सगळं होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला मी म्हटलं, पहिल्याच आठवड्यात लायब्ररीत जा आणि तिथल्या माणसाला तुझ्या गावाचं नाव सांग. हा सल्ला बरोबर की चूक देव जाणे. प्रत्येक काउंटरमागे तुम्ही नसता.

तुम्ही एकदा मला गोव्यातल्या सांकवाळच्या धर्मानंद कोसंबींची, बौद्ध धर्माच्या त्या मोठ्या अभ्यासकांची, गोष्ट सांगितली होती. १८९९ मध्ये विद्येसाठी घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असा प्रवास, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तेव्हापासून माझ्या मनात येतं, त्या अन्नछत्रात त्यांच्या पानात भात वाढणारं कोण असेल? त्या माणसाचं नाव कुठल्याही पुस्तकाच्या मागच्या यादीत सापडायचं नाही. त्यानं वाढलं, पुढच्या पानाकडे गेला. आपल्याकडे मोठ्या माणसांचे सत्कार होतात, शाली घातल्या जातात. कॉलेजात तुमचा निरोप समारंभ झाला का, ते मला माहीत नाही. झाला असेल तर त्यात कुणी त्या काचेखालच्या चिठ्ठीबद्दल बोललं नसणार, कारण ती फक्त आपल्या दोघींना आणि शिपाई दादांना माहीत होती. म्हणून मी ती इथे सांगते आहे.

मी चौथं वर्ष करणार आहे. प्रकल्पासाठी राण्यांची बंडंच घेतली. घरी सांगितलं तेव्हा काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजोबांकडे नेलं, त्यांना जुन्या हकिकती ठाऊक आहेत म्हणून.

नाणूसचा किल्ला तुम्ही पाहिलेला नाही, असं तुम्ही त्या पहिल्या दिवशी म्हणाला होतात. पाऊस सरला की या. वाळपईला उतरा, बाबा आणि मी तुम्हाला न्यायला येऊ. दुपारी आमच्याकडे जेवा, आईनं कुळागरातला निरफणस तळायचं आतापासून ठरवलंय. मग किल्ल्यावर जाऊ. परतीच्या बसची वेळ मी विचारून ठेवली आहे. तुम्ही निवांत बघा, घड्याळाकडे मी बघते. निघायची वेळ झाली की तिथल्याच एखाद्या दगडावर दोन बोटं वाजवीन.

तुमची,
खिडकीकडच्या टेबलावरची