रेकॉर्डिंगच्या चुकीच्या नोंदी सुधारून देणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मध्यम लहरींच्या पट्ट्याची पहाटे केलेली जी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रेकॉर्डिंग आमच्या हौशी रेडिओ गटाकडे वारशाने आली, ती आज योग्य वारंवारतेवर, योग्य वेगाने आणि योग्य वेळेसह उघडतात, याचे श्रेय आपले आहे. आभार खासगीतही मानता आले असते. परंतु आपली तपासणीची रीत इतरांच्या उपयोगी पडावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आरटीएल-एसडीआर या छोट्या यूएसबी रिसीव्हरची कच्ची फाइल म्हणजे आठ बिटी आय-क्यू नमुन्यांची (सिग्नलच्या जोडीजोडीने घेतलेल्या मोजमापांची) नुसती रांग असते. तिला स्वतःचे हेडर, म्हणजे सुरुवातीची माहितीची नोंद, नसल्यामुळे सोबतच्या सिगएमएफ या नोंदीच्या फाइलीत जे लिहिलेले असेल, ते सॉफ्टवेअर निमूटपणे खरे मानते. आमच्या नोंदी ज्या छोट्या प्रोग्रॅमने तयार केल्या होत्या, त्याने सगळ्या फाइलींना एकाच साच्यातली मूल्ये चिकटवली होती. परिणामी आकाशवाणी पुण्याच्या निवेदिका चिरक्या आवाजात घाईघाईने बोलत, आणि ७९२ किलोहर्ट्झचे ते केंद्र १२५.७५६ मेगाहर्ट्झवर दिसे.

अंदाजाने आकडे बदलण्याऐवजी सिग्नलचीच साक्ष काढावी, हा आपला आग्रह होता. भारतात मध्यम लहरींची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पटीत बसवलेली असतात. आमच्या स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतांच्या आलेखात) मात्र लगतच्या दोन कॅरिअरमध्ये, म्हणजे केंद्रांच्या मूळ लहरींमध्ये, साडेदहा किलोहर्ट्झ भरत होते, आणि मुंबईचे ५५८ व पुण्याचे ७९२ यांतले २३४ किलोहर्ट्झचे अंतर २७४ च्या वर गेले होते. अंतरे ताणली गेली असतील तर दोष सॅम्पल रेटचा (सेकंदाला किती नमुने, या आकड्याचा), आणि सगळी केंद्रे सारखीच सरकली असतील तर दोष मध्यवर्ती वारंवारतेचा (रेकॉर्ड केलेल्या पट्ट्याच्या मधोमधच्या वारंवारतेचा), अशी फोड आपण करून दिलीत, तेव्हा सगळा गुंता सुटा झाला. दिसणाऱ्या आणि खऱ्या अंतराचे गुणोत्तर १.१७२ आले, म्हणजे सेकंदाला २४ लाख नमुने असे जे लिहिले होते, तिथे प्रत्यक्षात २०.४८ लाख होते. तेवढ्यावर न थांबता आपण दुसरा पुरावा मागितलात. निवेदिकेने सहा आणि सात वाजल्याचे सांगितले, ते दोन क्षण फाइलीत ५१ मिनिटे १२ सेकंदांच्या अंतरावर निघाले, आणि गुणोत्तर तेच आले.

मध्यवर्ती वारंवारतेचे कोडे त्यामानाने लवकर सुटले. रेकॉर्डिंग अपकन्व्हर्टर (कमी वारंवारता वर सरकवणारे उपकरण) लावून केलेले असल्यामुळे त्याचे १२५ मेगाहर्ट्झ वजा करायचे राहून गेले होते.

वेळेची चूक अधिक फसवी होती, कारण ती ऐकू येत नाही. नोंदीत भारतीय वेळ लिहून पुढे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची खूण असलेला झेड जोडलेला होता, त्यामुळे सगळे साडेपाच तासांनी पुढे सरकून पहाटेचे सहा कागदोपत्री सकाळचे साडेअकरा झाले होते. निवेदिकेच्या शब्दांवरून हे कळलेच असते. तरीही आपण वॉटरफॉलकडे, म्हणजे वेळेनुसार सिग्नलची तीव्रता दाखवणाऱ्या चित्राकडे, बोट दाखवलेत. फाइलीच्या सुरुवातीला दूरची केंद्रे ठळक होती आणि पुढे एकेक करून विरत गेली. सूर्योदयानंतर आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) सर्वांत खालचा डी थर मध्यम लहरी शोषू लागतो, तेव्हा असेच घडते. साडेअकराला ती केंद्रे तशी ठळक असणे शक्यच नव्हते. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत देखणा वाटतो.

आपली शिस्तही लिहून ठेवायला हवी. मूळ नमुन्यांना हात लावायचा नाही, दुरुस्तीआधी आणि नंतर डेटा फाइलीचा एसएचए-५१२ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा ठसा) जुळवायचा, आणि जुनी मूल्ये पुसून न टाकता दुरुस्तीच्या कारणासह शेऱ्यात ठेवायची, हे आपण पहिल्याच फाइलीपासून आमच्याकडून करवून घेतलेत. तेव्हा ते जाचक वाटले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

आता एफएम पट्ट्याच्या फाइली उरल्या आहेत. तिथे ९ किलोहर्ट्झची पट उपयोगाची नाही, म्हणून आपण सुचवल्याप्रमाणे स्टिरिओ केंद्रांचा १९ किलोहर्ट्झचा पायलट टोन (स्टिरिओ प्रक्षेपणासोबत जाणारा ठरावीक वारंवारतेचा खुणेचा स्वर) मोजत आहोत. पहिल्या फाइलीत तो २२.२७ वर सापडला आहे, म्हणजे गुणोत्तर पुन्हा तेच. बाकीच्या फाइलींचे आकडे हाती येताच आपल्याला कळवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
गटातला एक श्रोता