दहाव्या वर्षी पोरांचा सुळा चाचपून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी मुलगी आठवीत आहे, १३ वर्षांची. तिचा वरचा उजवा सुळा वेळेत आला पण डावीकडं दुधाचाच घट्ट बसलेला, आम्ही दीड वर्ष "पडंल की, काय घाई" म्हणत राहिलो. एका दवाखान्यात दाखवलं तर तिथंही हेच सांगितलं, एक्स-रे काय काढला नाही. पुढं तारा लावायला दुसरीकडं गेलो तेव्हा ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकच मोठा एक्स-रे, काढला आणि कळलं की पक्का सुळा टाळूच्या बाजूला हाडातच आडवा अडकलाय, मग सीबीसीटी, म्हणजे दात-हाड सगळ्या बाजूंनी दाखवणारा थ्रीडी स्कॅन केला तर तो शेजारच्या दाताच्या मुळाला टेकलेला आणि मूळ थोडं झिजलेलं. त्या रात्री मला झोप नाही लागली.

पै-पाहुणे म्हणाले काढूनच टाका तो दात, आणि वरच्या दाताला हात लावला तर नजर जाते. हे साफ खोटं आहे, डोळ्याची नस वेगळी. आणि सुळा सहजासहजी काढत नाहीत कारण सगळ्या दातांत लांब मूळ त्याचंच.

आधी तारांनी जागा केली, मग सर्जननी फक्त तेवढी जागा बधिर करून टाळूची हिरडी उचलली, वरचं थोडं हाड काढलं, दाताला बटण चिकटवून बारीक साखळी लावली आणि टाके घातले. तासाभराचं काम, त्याच दिवशी घरी. दोन दिवस सूज होती, पेज आणि मऊ भातावर काढले. आता तारवाले डॉक्टर दर महिन्याला साखळी हळूहळू ओढतात, जोर कमीच लावायचा असतो, म्हणून कधी कधी वर्षभरसुद्धा लागतं.

पण मला खरं लागतं ते वेगळंच. साधारण ९-१० व्या वर्षी वरच्या ओठाच्या आत, दुधाच्या सुळ्याच्या वर बोट फिरवलं की येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर एक्स-रे काढायचा. १० ते १३ च्या दरम्यान वेळेत नुसता दुधाचा सुळा काढला तरी टाळूकडं वळलेला पक्का दात पुष्कळदा आपोआप वाटेवर येतो, ऑपरेशन लागतच नाही. आमच्या पोरीचं ते वय आम्ही वाट बघण्यात घालवलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळाशाळांत तपासणीला येते, दातही बघते, पण आमच्या पोरीच्या शाळेत किडलेले दात बघून पुढं गेली. महापालिका आणि जिल्हा परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे, चौथी-पाचवीतल्या प्रत्येक पोराचे दोन्ही सुळे बोटानं चाचपायला लावा, लागत नसतील तर तसं पालकांना लिहून द्या. याला ना मशीन लागतं ना पैसे, एका पोराला अर्धा मिनिट पुरतो.

— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर