मुंबई भाड्याने गेली, ठाणं तोफांनी

संपादक साहेब, नमस्कार.
मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली हे सगळ्यांना पाठ आहे, १६६१ चा लग्नाचा करार, मग १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला फक्त दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, पुढे कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने व्यापाऱ्यांना बोलावून वस्ती वाढवली. पण आमच्या ठाण्याचं काय? मराठ्यांनी १७३७ ला पोर्तुगीजांकडून जिंकलेला किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये लढून घेतला, भाड्याबिड्याने नाही, आणि नंतर त्याचंच जेल केलं. परवा नातीला जेलची ती जुनी दगडी भिंत दाखवली तर म्हणते, आजोबा, हा किल्ला आहे? मला खरंच वाईट वाटलं. रस्त्यावरून वाचता येईल असा मोठा बोर्ड तरी लावा हो तिथे.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे