भाल्यांशिवायचं हौतात्म्य

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या, शिल्पाचा तुझा आराखडा मिळाला. क्रूस, भाले, दोर, सगळं आहे. माणसं मात्र त्या गर्दीत हरवलीत. माती मळायला घेण्याआधी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवरचं स्मारक नीट बघ.

५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून तिथे २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. २० जपानी, सहा परदेशी, फ्रान्सिस्कन संघाचे संन्यासी. त्या सहांत आपल्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. १८६२ मध्ये सगळ्यांना संतपद मिळालं. त्याच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, फुनाकोशी यासुताके यांचं हे शिल्प उभं राहिलं. ग्रॅनाइटची आडवी भिंत आणि तिच्यावर ओळीनं २६ ब्राँझच्या आकृती. भाला कुठेच नाही.

पाय बघ. बोटं खाली लोंबताहेत, टाच कशावरही टेकलेली नाही. एवढ्यावरच ती माणसं वर निघालेली दिसतात. बाकी सगळं शांत: झगे सरळ, बहुतेकांचे हात जोडलेले. म्हणून जपानी धर्मोपदेशक पाउलो मिकीचे उघडे हात लगेच नजरेत भरतात. तो क्रुसावरूनही उपदेश करत होता. ओळीत मुलंही आहेत, धाकटा लुईस इबाराकी १२ वर्षांचा. त्यांच्या कमी उंचीमुळे डोक्यांची रेघ मोडते. तुझ्या आराखड्यात सगळे एकाच उंचीचे, जणू कवायतीला उभे!

असे अधांतरी पाय करायचे तर सगळं वजन पाठीमागच्या अँकरवर, म्हणजे आकृती भिंतीत धरून ठेवणाऱ्या धातूच्या खुंट्यांवर, येणार. ब्राँझ पोकळ ओत, जाडी ५-६ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. जाड-पातळ झालं की धातू निवताना असमान आकसतो आणि घड्यांत भेगा पडतात. अँकर साध्या लोखंडाचे नकोतच. ब्राँझला टेकलेलं लोखंड ओलाव्यात झपाट्यानं गंजतं, गंज फुगतो आणि दगड तडकतो. स्टेनलेस स्टील घे, मध्ये नायलॉनची चकती घाल. तळाशी भोक ठेव, नाहीतर पोकळीत पाणी साचेल. पावसानं तांब्याचे क्षार उतरतात आणि फिक्या दगडावर हिरवे ओघळ येतात. मुरले की निघता निघत नाहीत. पायाची बोटं भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे काढ, थेंब सुटून खाली पडेल. समुद्र जवळ असेल तर खारी हवा ब्राँझ खाते, तेव्हा वर्षातून एकदा साध्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा हात हवाच.

नवा आराखडा पाठवशील तेव्हा बाजूचा छेदही काढ. समोरच्या चित्रात अँकर दिसत नाहीत.

तुझा,
मित्र