आई, या वयात कशाला शिकतेस?

चियांग माई, थायलंड,
रविवार, रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सकाळचं तुझं बोलणं दिवसभर डोक्यातून गेलं नाही. "आई, अडुसष्टाव्या वर्षी थाई शिकून काय करणार? फोनमध्ये सगळं भाषांतर होतं. त्यापेक्षा सांगलीला परत या दोघं." तू काळजीपोटी बोललीस, ते कळतं मला. पण बोलता बोलता तुझा आवाज भरून आला आणि मी विषय बदलला. म्हणून आता लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगते, जी तुझ्यापासून लपवून ठेवली होती. रागावू नकोस.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमाराला बाबांना हुडहुडी भरून ताप आला. दोन दिवस लघवीला जळजळत होतं, पण सांगतील तर ते बाबा कसले! अंगावर तीन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. मी १६६९ ला फोन लावला, इथला रुग्णवाहिकेचा नंबर. पलीकडून बाईचा आवाज आला, भराभर थाईत. मी म्हटलं, "सामी पेन खाय सूंग." म्हणजे नवऱ्याला खूप ताप आहे. 'सामी' म्हणजे आपला स्वामी, नवरा. मग गल्लीचं नाव, घराचा नंबर आणि कोपऱ्यावरच्या देवळाचं नाव सांगितलं. गाडी दारात आली.

आता बघ, 'खाय' हा शब्द. आवाज खाली दाबून म्हटला तर अंडं. वर उचलून खाली सोडला तर ताप. लिहिताना अंड्यावर 'माय एक' नावाची खूण, तापावर 'माय थो'. या दोन खुणांमागे मी मे महिन्याचे तीन आठवडे घालवले होते. बाबा तेव्हा म्हणायचे, एवढं काय अडलंय.

दवाखान्यात गेल्यावर नर्सने विचारलं, "फॅ या अराय माय खा?" कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? बाबांना सल्फा चालत नाही, तुला माहीत आहे. तू तिसरीत असताना त्यांच्या अंगावर उठलेले ते चट्टे तुला आठवत असतील. मी "सल्फा, सल्फा" म्हणत होते आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. फोन घाईत पलंगावरच राहिला होता. बाबा ग्लानीत. माझे हात थरथरत होते. आणि मग एकदम शिकवणीतलं वाक्य आठवलं: थाईत अक्षराच्या शेवटी 'ल' राहत नाही, त्याचा 'न' होतो. 'फल'चं 'फोन' होतं, तसंच हे. मी म्हटलं, "फॅ या सन्फा." तिने लगेच मान हलवली, लाल पेन काढलं आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं. पाच दिवसांनी बाबा घरी आले. आता ठणठणीत आहेत, रोज सकाळी जुन्या शहराभोवतीच्या खंदकाच्या कडेने चालतात.

तुला हे आधी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं असतंस. म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं.

तर फोन आहे, मान्य. तो मी वापरतेही, औषधांवरचं बारीक लिहिलेलं वाचायला, नोटिसा समजून घ्यायला. पण अशा वेळी तोंडातून शब्द निघावा लागतो.

आणि ताई, ही भाषा मला परकी वाटतच नाही. चौतीस वर्षं मी पहिलीच्या मुलांना क ख ग घ गिरवायला लावलं. इथे पहिल्या दिवशी तक्ता समोर आला आणि मी बघतच राहिले. व्यंजनं ४४, पण ओळ आपलीच! क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, त्याच क्रमाने. फरक इतकाच की ग, ज, द, ब यांच्या जागी उच्चार ख, छ, थ, फ असे होतात. एवढी एक गोष्ट ध्यानात आली आणि कुलूप उघडल्यासारखं झालं. गुरूचा झाला 'ख्रू', नगरचं 'नखोन', भाषेची 'फासा'. टेलिफोनला हे लोक म्हणतात 'थोरसप', म्हणजे दूर-शब्द! आणि टीव्हीला 'थोरथत', दूर-दर्शन. घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. बँकॉकजवळच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली त्यांनी, पण तिथे इंग्रजी आणि हिंदीवर भागायचं.

अजून एक सांगते, मराठीच्या बाईला हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही. यांच्याकडे 'ळ' आहे. उच्चार 'ल' करतात, पण अक्षर वेगळं जपून ठेवलंय. घड्याळाला 'नालिका' म्हणतात आणि लिहितात 'नाळिका'. जे अक्षर आता बोलण्यात उरलं नाही तेही खोडत नाहीत. त्याच्या डोक्यावर एक छोटी खूण करतात, याला वाचू नका म्हणून. सोमवार 'वान चान' असा म्हणायचा, पण लिहिताना चंद्रातला द आणि र दोन्ही जागेवर. मला हे फार भावलं.

महिन्यांची नावं तर तू पाच मिनिटांत पाठ करशील, सगळ्या राशी आहेत. जानेवारी 'मकराखोम', एप्रिल 'मेसायोन', ऑगस्ट 'सिंगहाखोम'. शेवटी 'खोम' असेल तर ३१ दिवस, 'योन' असेल तर ३०. फेब्रुवारी तेवढा 'कुम्फाफान'. वर्ष मात्र बुद्धाचं, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. माझं १९५७ साल इथे नेमकं २५०० होतं. फॉर्म भरताना बरं पडतं.

अवघड काय ते पण सांगते, नाहीतर म्हणशील आई सगळं गोडच लिहिते. अवघड आहेत ते सूर. पाच सूर आहेत, आणि मराठी कान सूर गाण्यात ऐकतो, शब्दात नाही. 'क्लाय' म्हणजे जवळ, आणि सूर सपाट ठेवला तर 'क्लाय' म्हणजेच लांब. पहिल्या वर्षी एका दुपारी पोस्ट कुठे आहे म्हणून विचारलं. बाई "क्लाय, क्लाय" म्हणाली. मला वाटलं, जवळच आहे. एप्रिलच्या उन्हात तासभर चालले आणि पायाला फोड आले. त्या रात्री मी खूप रडले, परत जाऊ या म्हणाले होते. बाबांनी काही न बोलता कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकले. दुसऱ्या दिवशी मी शिकवणी लावली. तो दिवस आणि आजचा दिवस.

कागदपत्रांची तुला वाटते तेवढी धास्ती नको. पन्नाशीवरच्यांना निवृत्तीच्या कारणाने राहता येतं. बाबांच्या नावावर इथल्या बँकेत ८,००,००० बाट आहेत. अर्जाच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, एरवीही ४,००,००० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. वर्षाची मुदतवाढ १,९०० बाटला होते, आणि दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद करायची. देशाबाहेर जाताना पुनःप्रवेशाचा परवाना आधी काढायचा, नाहीतर मुदतवाढ रद्द होते. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी सांगलीला येते तेव्हा तो काढूनच निघते. सगळ्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल गोलात आहेत.

बाजाराचं म्हणशील तर रविवारी वारोरोत बाजारात जाते. केळफूल, सुरण, कारली, कच्चा फणस, सगळं मिळतं. इकडे उत्तरेत कच्च्या फणसाची आमटीसारखी पातळ भाजी करतात, पण तीत डुकराचं मांस असतं. म्हणून बसण्याआधी सांगायचं, "किन मांगसविरात." मांस-विरती, बघ! आणि पुढे लगेच "माय साय नाम प्ला", माशाचं पाणी घालू नका. हे दुसरं वाक्य विसरलं तर पहिल्याचा उपयोग नाही, कारण माशाच्या पाण्याला इथे बरेच जण मीठच समजतात.

शेजारच्या आजीबद्दल तुला सांगितलंय का? आम्ही नवीन आलो तेव्हा ती नातवाला सांगायची, तिकडे 'खॅक' राहतात. 'खॅक' म्हणजे पाहुणा, आणि भारतीय माणसालाही तोच शब्द. काहींना तो बोचतो. मला बोचला नाही, पण मनात राहिला. आता तिचा तोच नातू कुंपणावरून हाक मारतो, "पाऽ!" पा म्हणजे आईबाबांपेक्षा मोठी मावशी किंवा आत्या. इथे नावाने हाक मारायची पद्धत कमी, नात्यानेच मारतात, आपल्या गल्लीत मारायचे तशी. बाबांना 'लुंग', म्हणजे काका. परवा तो मुलगा वही घेऊन आला आणि मला 'नाळिका' लिहायला लावलं, पा बरोबर लिहिते का ते बघायला. बरोबर लिहिलं.

परत येणारच नाही असं मी म्हणत नाही. बाबांचे गुडघे फार दुखायला लागले किंवा तुला आमची गरज पडली, तर त्या दिवशी निघू. पण आत्ता इथली हवा त्यांना मानवते, मला रोज सकाळी वही उघडायची ओढ असते, आणि रात्रीचं काही झालं तर काय बोलायचं ते मला येतं. तू निदान त्या एका काळजीतून मोकळी हो.

डिसेंबरात येशील तेव्हा दवाखान्याची ती फाइल दाखवीन. कपाटात वरच्या कप्प्यात आहे. लाल शाईतली ओळ तुला बोट ठेवून वाचून दाखवीन.

जावईबापूंना आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आई

ता. क. : फेब्रुवारी ते एप्रिल शेतं जाळतात, फार धूर असतो, तेव्हा छोटीला आणू नकोस. इथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनाचा फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस. गोडा मसाला आण, चिंच आणू नकोस. चिंचेला इथे 'माखाम' म्हणतात आणि ती भरपूर मिळते.